चाळीस पावलांची गाडी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हाच हे सगळं झालं.

ठुमी मुंगी घरी निघाली. डोक्यावर साखरेचा दाणा. तुरुतुरु, तुरुतुरु. तिचं बीळ दूध डेअरीपुढं. बिळात तिची चिंगी. एवढीशी! एकटी! भुकेली!

तेवढ्यात गाडी आली. घुर्रर्र... फुस्स... घच्च!

चाक बरोबर बिळावर!

"अगं बाई! चिंगी माझी आत!"

ठुमी म्हणाली, "चाका चाका, सरक ना."

चाक म्हणालं, "मी नाही सरकत जा! आधी गाडीला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठुमी गाडीवर चढली. नवी कोरी गाडी. गळ्यात झेंडूची माळ. नाकाखाली लिंबू-मिरची.

"गाडीबाई, हल ना.
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

गाडी म्हणाली, "मी नाही हलत जा! पेट्रोल संपलं. आधी काकांना सांग, ढकला."

तुरुतुरु, तुरुतुरु. भिवाकाका गाडीतच होते. मांडीवर दुधाची पिशवी. डेअरीपाशी पीं पीं केलं, खिडकीतूनच दूध घेतलं. आणि घर कुठं? ते काय, समोर! चाळीस पावलं!

काका जरा हलले. पर्रर्र! सीटचं प्लास्टिक वाजलं. बहुतेक प्लास्टिकच.

"काका काका, ढकला ना.
गाडी हलेना,
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

काका म्हणाले, "मी नाही ढकलत जा! आधी पायांना सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. खाली दोन जाडजूड पाय. घुर्र, घुर्र. पाय घोरत होते.

"पायांनो, उठा ना.
काका ढकलेनात,
गाडी हलेना,
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

पाय म्हणाले, "आम्ही नाही उठत जा! आम्ही उघडेबंब. आधी चपलेला सांग."

चप्पल कुठं? घरी, फाटकापाशी! नव्या गाडीत चप्पल घालून बसायचं नाही. काकांचाच नियम. गाडी म्हणजे काय, देऊळच!

तुरुतुरु, तुरुतुरु. माणसाची चाळीस पावलं. मुंगीची किती? मोजता मोजता ठुमी तीनदा विसरली.

"चप्पलबाई, ये ना.
पाय उठेनात,
काका ढकलेनात,
गाडी हलेना,
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

चप्पल म्हणाली, "मी नाही येत जा! माझ्यावर हा ढब्बू कुत्रा झोपलाय. आधी त्याला सांग."

ठुमी ढब्बूच्या कानात शिरली.

"ढब्बूदादा, उठ ना.
चप्पल येईना,
पाय उठेनात,
काका ढकलेनात,
गाडी हलेना,
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

ढब्बू म्हणाला, "मी नाही उठत जा! आधी काकूला सांग, भाकरी टाक."

तुरुतुरु, तुरुतुरु. काकू चुलीपुढं बसली होती. गाल फुगवून.

"काकू काकू, भाकरी टाक ना.
ढब्बू उठेना,
चप्पल येईना,
पाय उठेनात,
काका ढकलेनात,
गाडी हलेना,
चाक सरकेना,
चिंगी माझी आत!"

काकू म्हणाली, "मी नाही भाकरी टाकत जा! अजून चहा नाही प्याले. आधी दूध येऊ दे."

"दूध गाडीत."

"गाडी कुठं?"

"डेअरीपुढं."

काकूनं दारातून बघितलं. गाडी दिसली. गाडीत काका दिसले. काकांनी हात हलवला. टाटा!

काकू हसली. खो खो खो! "अगं बया! चाळीस पावलांना गाडी! आणि आता बसलेत अनवाणी!"

मग तिचं हसू थांबलं.

"आणि तुझं लेकरू आत? थांब, मीच उठते."

काकूनं भाकरी टाकली, थप्प!
ढब्बू उठला, भू भू!
ढब्बूनं चप्पल नेली, तोंडात धरून. जराशी चावून.
चप्पल आली,
पाय उठले,
काकांनी ढकललं, हूं हूं हूं!
गाडी हलली,
चाक सरकलं.

ठुमी बिळात पळाली. आत अंधार.

"चिंगी? ए चिंगी?"

"आई, किती गं उशीर! साखर कुठंय?"

साखर डोक्यावरच होती. कुर्रम कुर्रम कुर्रम!

आणि काका? ढकलतायत, ढकलतायत! चाळीस पावलं! पोट पुढं, गाडी त्याच्या पुढं. चहा झाला नऊ वाजता.

काकू म्हणाली, "अहो, पेट्रोल म्हणजे काय म्हशीचं दूध? रोज थोडंच येतंय? जमिनीतलं संपलं की संपलं! गाडी लांबच्या गावाला काढा."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटं झाली. चिंगीनं बिळातून डोकं काढलं. घुर्रर्र नाही. घच्च नाही.

फटक फटक, फटक फटक! हातात किटली, पायात चावलेली चप्पल. काका चालत आले. बिळापाशी थांबले. खाली बघितलं. आणि बीळ ओलांडून गेले.

आता तुमच्या घरी कोणी कोपऱ्यावरच्या दुकानाला गाडी काढली, तर त्यांच्या कानात हळूच सांगा, "खाली बघा. चिंगी आत आहे." आणि त्यांना म्हणा, तुम्हीपण पुढच्याच्या कानात सांगा.