केकसोबत आलेले लग्न

अमेरिकेतल्या एका आडगावात, आगगाडी नुकती कुठे पोहोचू लागली होती त्या काळात, लेम्युएल थॅचर नावाचा एक संपादक राहत होता. संपादक तोच, छापणारा तोच आणि शाई पुसणाराही तोच. त्याचे साप्ताहिक दर गुरुवारी निघे. लोक ते हातात घेत आणि आधी शेवटचे पान उघडत. तिथे एका बाजूला लग्ने असत, दुसऱ्या बाजूला मृत्यू. कोणाचे जमले आणि कोण गेले एवढे कळले की गावाचे समाधान होई. बाकीचे राजकारण चूल पेटवायच्या कामी येई.

त्या मुलखात एक रीत होती. ज्यांच्या घरी लग्न होई, ते संपादकाकडे लग्नाची बातमी पाठवत आणि सोबत लग्नातल्या केकचा तुकडा. लेम्युएल गोडाचा भारी शौकीन. तुकडा मोठा असला की बातमीची अक्षरेही मोठी होत, वधू 'सुस्वरूप' ठरे आणि वर 'होतकरू'. नुसता कागद आला तर दोन ओळींत लग्न उरके. मृत्यूच्या बातमीसोबत कोणी काही पाठवत नसे, म्हणून ती नेहमीच आखूड असे.

एका बुधवारी त्याच्या दाराशी तुकडा नव्हे, अख्खा केक येऊन पडला. आत मनुके, अक्रोड, वर साखरेचा जाड थर. सोबत चिठ्ठी होती. नदीपलीकडच्या वाडीतली थर्झा गूडेल आणि तिथलाच पाणचक्कीवाला जेदेदाया प्रॅट यांचा विवाह रविवारी झाला, असे तीत लिहिले होते. खाली पाठवणाऱ्याचे नाव नव्हते.

"अहो, जेदेदाया सत्तरीचा आहे," लेम्युएलची बायको मर्सी म्हणाली. "आणि थर्झाचं तर ॲसा विलर्डशी ठरलंय. पलीकडे जाऊन एकदा विचारून तरी या."

"खोट्या लग्नासाठी कोणी एवढा केक भाजतं का?" लेम्युएल म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. पूल लांब होता आणि केक समोर होता. त्याने बातमी सर्वांत मोठ्या टायपात जुळवली आणि छापून टाकली.

गुरुवारी दुपारी थर्झा त्याच्या दारात उभी राहिली. ती वाडीत टोप्या शिवून पोट भरत असे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"संपादकसाहेब, माझं लग्न झालं हे मला आज सकाळी दुकानात कळलं," ती म्हणाली. "लोक हसतायत. म्हातारा जेदेदाया डोक्याला हात लावून बसलाय."

केक वाडीतल्या टवाळखोरांनी गंमत म्हणून पाठवला होता. कसली ही गंमत! पण थर्झाला लोकांच्या हसण्याचे दुःख नव्हते. तिचा ॲसा रूळ टाकणाऱ्या टोळीबरोबर पश्चिमेकडे गेला होता. टोळीचा मुक्काम सारखा हले, त्यामुळे तिला त्याचा पत्ता ठाऊक नसे. तोच अधूनमधून लिही, तेवढेच. मात्र जिथे जाई तिथे तो वर्तमानपत्र मिळवून वाची. आणि त्या काळी संपादक आपापले अंक एकमेकांना धाडत, कात्री घेऊन दुसऱ्याच्या बातम्या उचलत. तरुण मुलगी आणि सत्तरीचा नवरदेव, ही बातमी कोण सोडणार होता?

"तो वाचेल," थर्झा म्हणाली. "ज्या अक्षरांत माझं लग्न लावलंत, त्याच अक्षरांत ते खोटं होतं म्हणून छापा. पश्चिमेकडच्या संपादकांना हात जोडून सांगा, हेही उचला. त्याला कळवायचा दुसरा मार्ग माझ्याकडे नाही."

"छापतो. शब्द देतो तुला," लेम्युएल म्हणाला. त्या घटकेला त्याला खरेच तसे वाटत होते.

पुढच्या बुधवारी तो मोठा टाइप घेऊन बसला. 'केकच्या लोभाने आम्ही चौकशी केली नाही' हे वाक्य जुळवताना त्याचा हात अडखळला. शेजारच्या गावचा संपादक त्याच्या वाईटावर टपलेला. तो हे वाक्य महिनाभर चघळत बसेल. लोक विचारतील, मग याने छापलेले मृत्यू तरी खरे कशावरून? लेम्युएलने जुळवलेल्या ओळी मोडल्या. शेवटच्या पानाच्या तळाशी, पोटदुखीच्या औषधाच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरांत त्याने एवढेच टाकले: 'गेल्या अंकातील एका विवाहवृत्तात किरकोळ चूक राहिली.' कोणाचा विवाह, कसली चूक, काही नाही. एका मुलीचे आयुष्य पणाला लागले होते, आणि हा गृहस्थ त्याला किरकोळ म्हणत होता!

"हा तुमचा शब्द?" मर्सीने विचारले.

मग पश्चिमेकडून वर्तमानपत्रांचे गठ्ठे येऊ लागले. थर्झाचे लग्न गावोगावी छापून आले होते. एका संपादकाने तर वर चेष्टेच्या दोन ओळी स्वतःच्या पदरच्या घातल्या होत्या. चुकीची ती ओळ मात्र कोणीच उचलली नव्हती. थर्झा येऊन विचारी, "आलं का कुठे?" लेम्युएल मान खाली घालून म्हणे, "येईल." इकडे ॲसाची पत्रे बंद झाली.

सफरचंदे उतरवायच्या दिवसांत एका दूरच्या गावचे वर्तमानपत्र आले. लेम्युएल कात्री घेऊन बसला, आणि लग्नांच्या रकान्यात त्याचे डोळे खिळले. ॲसा विलर्डचा विवाह झाला होता. गावाकडे आता आपले कोणी उरले नाही, असे वराने सांगितल्याचे खाली छापले होते. तो तडक तारघरात गेला आणि ते लग्न लावणाऱ्या पाद्रीबाबांना त्याने तार केली. आयुष्यात पहिल्यांदाच तो एका बातमीची खात्री करत होता. हीही कोणा टवाळखोराची करणी असू दे, अशी प्रार्थना करत तो बाकावर बसून राहिला. संध्याकाळी उत्तर आले, 'लग्न खरे. मीच लावले.'

तो पूल ओलांडून थर्झाकडे गेला. ती एका टोपीला फीत लावत होती. त्याने कात्रण पुढे केले. तिने ते वाचले.

"हे खरं आहे का, विचारून घेतलंत?" तिने विचारले.

"घेतलं," लेम्युएल म्हणाला. "खरं आहे."

"मग छापा," थर्झा म्हणाली. "मोठ्या अक्षरांत छापा. त्याचा यात काही दोष नाही."

त्या गुरुवारी लेम्युएलने पहिल्या पानावर, सर्वांत वर, सर्वांत मोठ्या टायपात आपला सगळा अपराध कबूल केला. केकही लपवला नाही आणि बारीक अक्षरांतली ओळही लपवली नाही. सगळ्या गावाने ते वाचले. शेजारच्या संपादकाला चेष्टा करायचेसुद्धा सुचले नाही. पण थर्झाला त्याचा आता काहीच उपयोग नव्हता.

तात्पर्य: कोणाविषयी चारचौघांत काही सांगण्याआधी त्याची खात्री करावी, आणि चूक झालीच, तर लाज न बाळगता चारचौघांत, वेळेवर कबूल करावी. उशिरा दिलेली कबुली आपले मन हलके करते, दुसऱ्याचे नुकसान भरून देत नाही.