झुपकीची शेंग ट्राममध्ये गेली

एक होती खार. नाव तिचं झुपकी. शेपूट झुपकेदार, राग नाकावर.

झुपकीला एक शेंग मिळाली. भुईमुगाची, मोठी. घरी पिल्लं भुकेली होती. झुपकी निघाली टुणुक टुणुक.

थांब्यावर ट्राम उभी होती. विजेवरची, नवी कोरी. झुपकीच्या हातून शेंग सुटली. घरंगळली, घरंगळली, थेट ट्राममध्ये गेली. आणि दार मिटलं. फुस्स.

ट्राम निघाली. थोडी गेली आणि थांबली. पुढचा थांबा समोर दिसत होता, तरी थांबली.

झुपकी धावली टुणुक टुणुक. दाराला म्हणाली,
“दारा दारा, उघड.
माझी शेंग मला मिळत नाही.”

दार म्हणालं, “थांब्याशिवाय उघडायचं नाही, असा नियम आहे. ट्राम थांब्यावर जाईल, तर मी उघडेन.”

झुपकी गेली ट्रामच्या तोंडाशी. टुणुक टुणुक.
“ट्राम ट्राम, पुढे जा.
दार उघडत नाही,
माझी शेंग मला मिळत नाही.”

ट्राम म्हणाली, “टिंग टिंग. कशी जाऊ? रुळावर मोटार उभी आहे. मी रुळावरची, मला बाजूने जाता येत नाही. मोटार हलेल, तर मी जाईन.”

खरंच की. रुळावर एक लाल मोटार. रस्ता एवढा मोठा, पण हिला रूळच हवा. झुपकी गेली टुणुक टुणुक.
“मोटारी मोटारी, हल.
ट्राम जात नाही,
दार उघडत नाही,
माझी शेंग मला मिळत नाही.”

मोटार म्हणाली, “पों. मी आपली आपण हलत नाही. माझे मालक अच्युतराव सलूनमध्ये बसलेत. ते उठतील, तर मी हलेन.”

झुपकी गेली सलूनमध्ये. टुणुक टुणुक. अच्युतराव खुर्चीत बसले होते. एक गाल गुळगुळीत. एक गाल फेसाने पांढरा.
“अच्युतराव अच्युतराव, उठा.
मोटार हलत नाही,
ट्राम जात नाही,
दार उघडत नाही,
माझी शेंग मला मिळत नाही.”

अच्युतराव म्हणाले, “असा उठू? अर्ध्या दाढीनं? लोक हसतील. अंकुश दाढी करेल, तर मी उठेन.”

अंकुशदादा शेजारीच उभा होता. सलून त्याचंच. झुपकीनं शेपूट आपटलं. फट् फट्.
“अंकुशदादा अंकुशदादा, दाढी कर.
अच्युतराव उठत नाहीत,
मोटार हलत नाही,
ट्राम जात नाही,
दार उघडत नाही,
माझी शेंग मला मिळत नाही.”

अंकुशदादा म्हणाला, “पातं बोथट झालंय. माझी बायको मंदा नवं पातं घेऊन येतेय. मंदा येईल, तर मी दाढी करेन.”

“कुठे आहे मंदाताई?”

“ट्राममध्ये.”

झुपकी परत धावली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. काचेच्या आत मंदाताई बसली होती. मांडीवर पात्यांची डबी. पायाशी झुपकीची शेंग.
“मंदाताई मंदाताई, उतर.
अंकुशदादा दाढी करत नाही,
अच्युतराव उठत नाहीत,
मोटार हलत नाही,
ट्राम जात नाही,
दार उघडत नाही,
माझी शेंग मला मिळत नाही.”

मंदाताई म्हणाली, “मी तर केव्हाची उभी राहतेय नि बसतेय. दार उघडेल, तर मी उतरेन.”

झुपकीनं दाराकडे पाहिलं. दारानं ट्रामकडे पाहिलं. ट्रामनं मोटारीकडे पाहिलं. मोटारीनं सलूनकडे पाहिलं.

बघा हं. सगळे शहाणे. चूक कुणाचीच नाही. आणि पिल्लं मात्र उपाशी.

झुपकी लालेलाल झाली. शेपूट फुगलं. ती धावली टुणुक टुणुक. सलूनमध्ये शिरली, आरशापुढे चढली. तिथे मोटारीची किल्ली होती. किल्ली उचलली आणि पळाली.

“अगं ए, माझी किल्ली!” अच्युतराव मागे धावले. गालावर फेस, गळ्यात फडकं, पायांत चपला नाहीत. धप धप धप.

झुपकी मोटारीच्या टपावर बसली. पुढच्या दोन पायांत किल्ली घट्ट धरली. म्हणाली,
“‘माझं चुकलं’ म्हणाल, तर किल्ली देईन.”

ट्राममधले सगळे काचेला नाक लावून बघू लागले. हसूही लागले. खी खी खी.

अच्युतराव पुटपुटले, “चुकलं.”

“ऐकू आलं नाही.”

“माझं चुकलं. रुळावर मोटार लावायला नको होती.”

झुपकीनं किल्ली टाकली. टण्.

अच्युतराव बसले,
मोटार हलली,
ट्राम गेली, टिंग टिंग,
थांबा आला,
दार उघडलं, फुस्स,
मंदाताई उतरली,
झुपकीची शेंग झुपकीला मिळाली.

आणि अच्युतराव? ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पातं आलं होतं. पण अंकुशदादानं जेवणाचा डबा उघडला. म्हणाला, “माझं जेवण होईल, तर मी दाढी करेन.”

झुपकी घरी गेली टुणुक टुणुक. पिल्लांनी शेंग फोडली. कट्. दाणे खाल्ले. कुटुम कुटुम कुटुम.

दाणे पोटात, टरफलं दारात, गोष्ट तुमच्या कानात.