मनगटावरचं नाव

“मॅडम, पुतळा मेलाच कसा?”

डॉक्टर विक्रांत घोरपडे घामाघूम झाला होता. हातमोजे ओढून काढून त्याने बादलीत भिरकावले.

पाटणकर मॅडम खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर डबा, डब्यात पोळी आणि मेथीची भाजी. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

“माणूस मरतो तसाच,” त्या म्हणाल्या. “हवा मिळाली नाही म्हणून.”

आता हा विक्रांत म्हणजे काही ऐरागैरा गडी नव्हे. तातडीच्या उपचारांच्या परीक्षेत विद्यापीठात पहिला. सुवर्णपदक मिळालेला, आणि ते मिळालंय हे कुणालाही विसरू न देणारा. घाटाखालच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात सोमवारपासून तातडीचा विभाग सुरू होणार होता आणि तिथला एकुलता एक डॉक्टर हा. अडलं होतं ते फक्त पाटणकर मॅडमच्या सहीपाशी. अत्यवस्थ रुग्ण एकट्याने सांभाळू शकतो, असं त्या लिहून देणार, मग हा जाणार. वडिलांनी तर गावात पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

सहीआधी मॅडमचा एक रिवाज होता. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर सरावाची खोली, खोलीत पलंग, पलंगावर रबरी पुतळा. त्याची छाती हलायची, नाडी लागायची. उशाशी पडदा, त्यावर हृदयाच्या ठोक्यांची रेघ आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा. शंभराच्या जवळपास असला तर माणूस बरा. खाली घसरला तर... बरा नाही. पुतळ्याच्या मनगटाला रुग्णाच्या नावाचा पट्टा. आधी नाव मोठ्याने वाचायचं, मगच अंगाला हात लावायचा, असा मॅडमचा नियम.

विक्रांतने नाव वाचलं नव्हतं. “रबराला कसलं आलंय नाव, मॅडम!” म्हणून हसला आणि श्वासाची ट्यूब घशात घालायला थेट वाकला.

ट्यूब काही जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. सहाव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ आडवी झाली.

“तुम्ही मुद्दाम गळा सुजवून ठेवला होतात,” तो आता म्हणाला. “आत सुई शिरायला जागा नव्हती. ही ट्यूब कुणाला जमली असती?”

“कुणालाच नाही.”

“तुम्हाला?”

“मलाही नाही.”

“मग ही परीक्षा कसली? मी करायला तरी काय हवं होतं?”

“थांबायला.”

विक्रांतला हसूच आलं.

“हसतोस काय? थांबून मास्क तोंडावर धरला असतास, फुगा दाबून हवा दिली असतीस, तर छाती हलली असती. ट्यूब नंतर बघता आली असती.”

“थांबलो असतो की! कुणी सांगायला तर हवं? माझी मान खाली, डोळे घशात. आकडा दिसणार कसा मला? शेजारी शेट्ये सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी चकार शब्द काढला नाही.”

शेट्ये सिस्टर कोपऱ्यात चिमटे पुसत होत्या. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा पुसायला लागल्या.

“मंगल,” मॅडम सिस्टरांना म्हणाल्या, “याला दाखव गं.”

प्रत्येक सरावाचं चित्रण व्हायचं. सिस्टरांनी फोन आणून विक्रांतच्या हातात दिला. त्याने तो तोऱ्यातच घेतला.

फोनमध्ये तो पलंगावर वाकलेला. त्याच्या उजव्या खांद्याशी सिस्टर. हातात मास्क, आणि तो हात पुढे केलेला. अगदी त्याच्या कानाजवळ.

“डॉक्टर, नव्वद,” फोनमधल्या सिस्टर म्हणाल्या.

“हो,” फोनमधला विक्रांत म्हणाला.

“डॉक्टर, सत्तर. मास्क घ्या.”

“हो हो.”

“डॉक्टर, पन्नास झाले. थांबा आता, मास्क घ्या!”

“हो सिस्टर, हो!”

विक्रांतने चित्रण मागे नेलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जेवायला बोलावणाऱ्या आईवर खेकसावं तसा त्याचाच वैतागलेला आवाज. आणि सिस्टरांचा हात शेवटपर्यंत तसाच पुढे...

“हे... हे मी म्हणालो?”

“आवाज तर तुझाच दिसतोय.”

“मला आठवत नाही, मॅडम. देवाशपथ आठवत नाही! मी ऐकलंच नाही हे.”

“ऐकलं नाहीस, तर उत्तर कुणी दिलं?”

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. चूक झाली तर माणूस कान पकडतो, मोकळा होतो. पण आपलंच तोंड आपल्याला न विचारता ‘हो’ म्हणून मोकळं होतं, याला काय करायचं? तो पलंगाच्या कडेवर मटकन बसला.

पण सुवर्णपदकाचा माणूस तो. लवकर सावरला.

“कळलं मॅडम. कळलं! मास्क घेऊन जो उभा असतो त्याचं ऐकायचं. जन्मात विसरणार नाही.” त्याने खिशातून सहीचा कागद काढला. “आता तेवढी सही...”

मॅडमनी कागद घेतला नाही. सिस्टरांकडचा मास्क घेतला आणि त्याच्या हातात दिला.

“तू सिस्टरांच्या जागी उभा राहा. ट्यूब मी घालते.”

एवढंच ना, विक्रांतच्या मनात आलं. आकडे वाचायचे. पोरखेळ.

मॅडमनी हात धुतले, हातमोजे चढवले. यंत्रावर तोच सराव लावला, तोच सुजलेला गळा. मग पुतळ्याचं मनगट उचलून त्यांनी पट्टा वाचला.

“यशवंत सीताराम रहाटे. वय चौतीस.”

कोपऱ्यातलं पुसणं थांबलं.

मॅडम वाकल्या.

“मॅडम, नव्वद,” विक्रांत म्हणाला.

“हं.”

“मॅडम, सत्तर.”

“हं. जातेय... एक मिनिट. जातेय.”

जातेय? ती जाणार नव्हती. मॅडमच तर म्हणाल्या होत्या. विक्रांतचा हात पुढे झाला... आणि अर्ध्यात थबकला. पस्तीस वर्षं या बाईंनी हेच केलेलं. जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्या जातेय म्हणतात, म्हणजे जातच असेल.

“मॅडम... पन्नास.”

“माहितीये रे मला!”

केवढ्यांदा ओरडल्या त्या! विक्रांतने हात मागे घेतला.

चाळीस. त्याने मॅडमच्या हातांकडे बघितलं. तीस. बोलू का, बोलू का, असं त्याच्या मनात चाललेलं. वीस...

यंत्र किंचाळलं. रेघ आडवी झाली.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. कपाळावरचा घाम त्यांनी कोपराने टिपला. तो खरा होता, आणि तो बघून विक्रांत जास्तच घाबरला.

“तुम्ही थांबला का नाहीत, मॅडम?”

“तू थांबवलं का नाहीस?”

“आकडे सांगितले की मी.”

“शेवटचा कोणता सांगितलास?”

“...पन्नास.”

“त्यानंतर अख्खं एक मिनिट होतं तुझ्याकडे. आणि हातात काय होतं?”

त्याने हाताकडे बघितलं. मास्क होता. अजूनही होता. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून धरलेला.

“तुम्ही होतात, मॅडम,” तो कसाबसा म्हणाला. “तुम्हाला कसं थांबवायचं? दुसरं कुणी असतं तर... तुम्ही जातेय म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल.”

कोपऱ्यात चिमटा खणकन खाली पडला.

“हेच,” शेट्ये सिस्टर म्हणाल्या. “बाई गं... अगदी हेच म्हणाले होते मी.”

“कधी?”

सिस्टरांनी मॅडमकडे बघितलं.

“एकोणतीस वर्षं झाली,” सिस्टर म्हणाल्या. “मला नोकरीला लागून तीन महिने झालेले. आग्या मोहोळ उठलं होतं, त्यात सापडलेला माणूस आणला. गळा हा असा सुजलेला. इंजेक्शनं दिली, गुण येईना. मॅडम तेव्हा तुमच्याएवढ्या, डॉक्टर. आणि हात असा की मोठे मोठे सर्जन बघायला उभे राहायचे. मॅडम म्हणाल्या, जातेय. आकड्याचं यंत्र तेव्हा नवंनवं आलेलं. मी साठपर्यंत वाचलं... मग गप्प बसले. माणूस गेला, तेव्हा मास्क माझ्या हातात होता हो. त्याची बायको दाराशीच उभी होती.”

विक्रांत खाली वाकला. त्याने पुतळ्याचं मनगट हातात घेतलं. प्लॅस्टिकचा पट्टा नवा होता. पण आत सरकवलेला कागद जुना, पिवळा पडलेला, घडीवर झिजलेला. निळ्या शाईत नाव. वय. खाली तारीख, एकोणतीस वर्षांपूर्वीची.

तारखेतलं साल त्याच्या स्वतःच्या जन्माचं होतं.

तो जन्मला तेव्हापासून हे नाव इथे होतं. जो कुणी सहीसाठी या खोलीत आला, त्याने ते वाचलं होतं. आणि हा, हा काय म्हणाला होता? रबराला कसलं आलंय नाव!

“मॅडम...” तो म्हणाला. “सोमवारी तिथे माझ्या शेजारी कोण असेल? अशीच कुणीतरी नवी मुलगी असेल. तीन महिन्यांची. मी जातेय म्हणेन... आणि ती मला कशी थांबवेल हो?”

मॅडमनी त्याच्या मुठीतला मास्क सोडवून घेतला आणि सिस्टरांच्या हातात दिला. यंत्राचं बटण दाबलं. आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. पुतळ्याची छाती हलायला लागली.

सहीचा कागद कधीच जमिनीवर पडला होता. विक्रांतने तो उचलला नाही. त्याने हात जोडले.

“चुकलो, मॅडम. मला माफ करा.”

“मला कशाला सांगतोस?” मॅडम म्हणाल्या. “नाव वाच.”