अस्वलाचं वाइनचं मडकं

रानात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची ही हकिकत. एका अस्वलाने मधाच्या पोळ्यांमध्ये हिस्सा घेतला होता. रोज पहाटे कोतवाल पक्षी पोळ्यांचा भाव ओरडून सांगायचा आणि त्या भावाबरोबर अस्वलाचा जीव वर-खाली व्हायचा. शेवटी वैतागून त्याने हिस्सा विकला आणि साळिंदरबाईंकडून जांभळाच्या वाइनचं मडकं घेतलं.

"दोन-तीन पावसाळे हात लावू नका," मडक्याच्या तोंडाला मेण लावत बाई म्हणाल्या. "मग बघा काय किंमत येते."

पण पहाट झाली की अस्वलाला राहवेना. कालच्यापेक्षा जास्त मुरली का? अस्वल मेण काढायचं, हुंगायचं, पुन्हा मेण थापायचं.

तिसरा पावसाळा सरला आणि वाघ गिऱ्हाईक म्हणून आला. एक घोट घेताच त्याचं तोंड वाकडं झालं. "अहो, वाइन आंबून हिचा शिरका झालाय! लोणच्यात घाला."

अस्वल मडकं घेऊन तणतणत साळिंदरबाईंकडे गेलं. मडक्यावरचे मेणाचे थर बघून बाईंना हसू आलं. "पोळ्यांचा तुम्ही नुसता भाव ऐकायचात. इथे रोज मडकंच उघडून वाइनला वारा लागू दिलात."

"मग वाढतेय की नाही, हे कळायचं कसं?"

"कळत नाही," बाई म्हणाल्या. "न कळता थांबायचं, त्याचंच तर मोल मिळतं."