पारवीचा कोनाडा

मनोरे बोलत असत तेव्हाची गोष्ट. न्यूयॉर्कहून शिकागोला आलेल्या पारवीला तिथल्या काचेच्या मनोऱ्याने हटकलं, “तिकडचा मनोरा केवढा झाला गं?”

पारवीचे दिवस भरत आले होते. “सांगते, पण आधी अंडी घालायला एखादा कोनाडा दे.”

“कोनाडा? माझं अंग कसं गुळगुळीत आहे बघ!”

“तोही हेच म्हणाला. तुझ्याहून हातभर उंच आहे मात्र.”

झालं! उंची मोजताना डोक्यावरची सुईही धरतात, म्हणून मनोऱ्याने आठवड्यात लोखंडी सुई चढवली. “आता मोठा कोण?”

पायथ्याशी पहारेकऱ्याच्या खोपटाच्या वळचणीला पारवी अंडी उबवत होती. “दोघं अगदी बरोबरीचे, दादा. एवढे वाढलात, पण वीतभर जागा दोघांकडेही नाही.”

मनोऱ्याने ‘बरोबरीचे’ एवढंच ऐकलं आणि दुसरी सुई मागवली.