समोरच्या खिडकीतली आमरी

घाटाच्या पायथ्याशी फार पूर्वी एक गाव होतं आणि त्या गावात एक गल्ली होती. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या माड्यांमधून मीठ-मिरची उसनी द्यायची तर कुणी जिना उतरत नसे. काठीच्या टोकाला टोपली अडकवायची आणि खिडकीतून पुढे करायची, झालं काम.

या गल्लीत एका माडीवर ठकूबाई नावाची शिंपीण राहायची. समोरच्या माडीवर सगुणा राहायची. ती देवळासाठी फुलवाती वळायची. दोघी दिवसभर आपापल्या खिडकीशी बसून काम करायच्या, कारण उजेड तिथेच यायचा. ठकूबाईच्या बोटांत कसब होतं, पण लक्ष सदा दुसऱ्याच्या ताटात. शेजारी पुरणपोळी झाली, की हिला घरचं वरण अळणी लागायचं.

पावसाळा सरला की गावात डोंगरावरची एक म्हातारी आमरीची रोपं घेऊन यायची. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणारं फुलझाड; तिला माती लागत नाही. वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवरची इवली रोपं म्हातारी गोळा करायची आणि लाकडाच्या फळीवर बांधून आणायची. रोप तळहातावर मावेल एवढं, फूल डाळिंबाच्या दाण्याएवढं. गल्लीतल्या बायका ती फळी खिडकीच्या गजांना बाहेरून बांधायच्या. चैत्रात देवीची पालखी निघे तेव्हा गुरव मान वर करकरून सगळ्या खिडक्या बघे आणि जिची आमरी सगळ्यांत सुंदर, तिच्या खिडकीखाली पालखी थांबवी. आरती तिथेच होई. तो मान आपल्याला मिळावा असं प्रत्येकीला वाटायचं, आणि ठकूबाईला तर तो दुसऱ्या कुणालाही मिळू नये असं वाटायचं. हे दुसरं वाटणं फार वाईट.

त्या वर्षी म्हातारी आली तेव्हा ठकूबाई सगळ्यांच्या आधी खाली उतरली. टोपलीत एकाच रोपाला फुलं होती. ते तिने उचललं आणि पदराखाली धरलं.

म्हातारी म्हणाली, "बाई, फुलं काय, चार दिसांत झडत्यात. मुळाचं टोक हिरवं हाय का ते बघून घ्या."

ठकूबाईने नाक मुरडलं. सगुणा सगळ्यांच्या शेवटी आली. तिला उरलेलं रोप मिळालं, दोन पानांचं, पण मुळाची टोकं हिरवीगार. ते बघून ती खूश झाली. जाताना म्हातारीने दोघींना बजावलं, की रोपाचं तोंड उजेडाकडे आणि फळीची पाठ घराकडे ठेवायची, सकाळी पाणी शिंपडायचं आणि एकदा कळी धरली की फळीला हात लावायचा नाही, नाहीतर कळ्या गळतात.

म्हातारी म्हणाली तसंच झालं. ठकूबाईची फुलं आठवडाभरात झडली. रोप जगलं, नवी पानं आली, पण तिला त्यात राम वाटेना. ती सकाळी गजांतून हात बाहेर काढून पाणी शिंपडायची आणि पाठमोरी व्हायची. घरातून तिला दिसायची ती नुसती फळीची काळी पाठ.

समोर मात्र दिसत होतं सगळंच. सगुणेच्या रोपाला आधी तिसरं पान आलं, मग चौथं, आणि शिशिर संपता संपता बारीक जांभळ्या कळ्यांचा एक तुरा बाहेर पडला. ठकूबाईच्या पोटात दुखायला लागलं. उरलंसुरलं रोप, आणि त्याला तुरा. सुईत दोरा ओवताना तिची नजर समोर जायची आणि सुई बोटात शिरायची. चोळीला तिने एकदा दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गल्लीत उतरली तरी तिची मान आपोआप सगुणेच्या खिडकीकडे वळायची. आपल्या खिडकीकडे बघण्यासारखं आहे काय, असं तिला वाटायचं.

एके सकाळी सगुणा वाती वळता वळता समोरून म्हणाली, "ठकूबाई, काय सुरेख फुललीय हो तुमची आमरी."

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या खिडकीत फुलांचा घोस मिरवायचा आणि वर आपल्याला टोमणे मारायचे? तिने कवाड लोटून घेतलं. त्यानंतर पाणवठ्यावर दोघीतिघींनी तेच म्हटलं. सगुणेनेच त्यांना शिकवून पाठवलं, अशी ठकूबाईची खात्री झाली. मत्सर माणसाला इतकं हुशार करतो, की त्याला सरळ बोललेलं कळतच नाही.

पालखी उद्यावर आली. दुपारी सगुणा वातींची परडी घेऊन देवळात निघणार हे ठकूबाईला ठाऊक होतं. तिने चुलीवर पाणी ठेवलं. डब्यात हात घातला तर मीठ संपलेलं. मग तिने तोंडावर हसू आणलं, कवाड उघडलं आणि सगुणेकडे मीठ मागितलं. सगुणेने टोपलीत चांगलं दोन मुठी मीठ घातलं, काठी पुढे केली आणि विचारलं, "पुरेल ना? लोणचं घालताय का?"

ठकूबाई हो म्हणाली.

सगुणा देवळात गेली तशी ठकूबाई कढत मीठपाण्याचा तांब्या पदराआड घेऊन समोरचा जिना चढली. त्या गल्लीत दाराला कडी कुणी लावत नसे. ती खिडकीशी गेली आणि क्षणभर घोटाळली. फुलं कुठेच दिसेनात. गजांमागे फळीची काळी पाठ, हुबेहूब तिच्या घरच्यासारखी. पण हात आता थांबायला तयार नव्हता. तिने तांब्या गजांतून बाहेर काढला आणि सगळं पाणी त्या फळीवर ओतलं.

मग तिने मान वर केली.

समोर तिची स्वतःची खिडकी होती. त्या खिडकीत जांभळ्या फुलांचे तुरे लोंबत होते, एकावर एक, फळी झाकून टाकतील इतके. एवढी आमरी गल्लीत कुणाकडे फुलली नव्हती. सगुणेचा तुरा त्यापुढे काहीच नव्हता. ठकूबाईच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, आणि तिला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. गुरवाला फार शोधावं लागलं नाही. तो ठकूबाईच्या खिडकीखाली थांबला, शिंगं वाजली, आरती झाली. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो मान दारात उभा होता, आणि तिला समोर बघायची हिंमत होत नव्हती. कारण समोरच्या गजांना सगुणेची आमरी करपून लोंबत होती.

प्रसाद घेऊन सगळ्यांत आधी सगुणाच वर आली. ठकूबाईने नारळ बाजूला ठेवला आणि खाली मान घालून सांगून टाकलं, "सगुणे, तुझी आमरी मी जाळली. कढत पाण्याने. मीठही तुझंच होतं."

सगुणेने हातातला प्रसाद खाली ठेवला. तिला राग आला होता. का येऊ नये? मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"माझी आमरी मला दिसत तरी कुठे होती?" ती म्हणाली. "वाती वळताना मी रोज तुमचीच बघत होते. तुम्हाला सांगितलंही होतं. माझी फुलं होती ती तुमच्या वाट्याची. आता तुम्ही काय बघणार?"

एवढं बोलून ती जिना उतरली.

पुढे कितीतरी दिवस ठकूबाई खिडकीशी बसून शिवत राहिली. तिच्या गजांवर फुलं होती, ती समोर सगुणेला दिसत होती. तिला दिसत होतं ते गल्लीपलीकडचं करपलेलं रोप. पावसाळा सरल्यावर म्हातारी आली, तेव्हा ठकूबाई पुन्हा सगळ्यांच्या आधी खाली उतरली. तिने टोपलीतली सगळी मुळं न्याहाळली, सगळ्यांत हिरव्या टोकाचं रोप निवडलं आणि समोरचा जिना चढून सगुणेच्या दारात उभी राहिली. दार उघडंच होतं, पण या वेळी तिने आधी हाक मारली.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या खिडकीतलं फूल आपल्याच डोळ्यांसमोर फुलत असतं. ते जो जाळतो, त्याला रोज राखच बघत बसावं लागतं.