नाचरी बाहुली आणि पांगुळगाडा

फार जुनी गोष्ट. तुळसा कोष्टीण मागावर बसताना आपल्या वर्षभराच्या लेकीपुढे, मैनेपुढे, चावीची बाहुली ठेवायची. बाहुली नाचे, टाळ्या वाजवी. मैना टक लावून पाहत दिवसभर पडून राही.

कोपऱ्यातला पांगुळगाडा एके दुपारी बाहुलीला म्हणाला, "पोरगी अजून रांगतसुद्धा नाही गं. जरा थांब, तिला माझ्याकडे येऊ दे."

"कशाला? तिच्या वाटचं मी नाचते ना!" बाहुली हसली.

गाडा दचकला. चावी केव्हाच संपली होती, तरी बाहुली नाचत होती. तिच्या लाकडी पोटऱ्या मऊ, गुबगुबीत झाल्या होत्या. मैनेचे पाय मात्र ओंडक्यासारखे निपचित पडले होते.

गाड्याने सगळं बळ एकवटून चाक करकरवलं. तुळसा धावत आली. तिने मैनेच्या पायांना हात लावला, तर ते गारठलेले. तिने बाहुली उचलली, तर ती कोमट लागली. तुळसाने घाबरून तिला पेटीत कोंडलं आणि कडी घातली.

मैनेने भोकाड पसरलं. तेवढ्यात पेटीतून बारीक आवाज आला, "आई, मला बाहेर काढ. बघ, ती कशी रडतेय!"

तुळसाचा हात कडीकडे गेला. पण मागे काहीतरी सरपटलं. मैना रडत रडतच पोटावर सरकत गाड्याकडे निघाली होती.

"ये बाळा, ये," म्हणत तुळसा गाड्याशेजारी जमिनीवर बसली. पेटीतून कितीतरी वेळ हाका येत राहिल्या. तिने वळून पाहिलं नाही.